पक्कड घेतलेला माणूस

डायनामाइट चालू केल्यापासून फुटेपर्यंत ३० सेकंद जातात. तेवढ्यात काय काय घडू शकतं ते 'वुल्फेनस्टाइन : एनिमी टेरिटरी' हा दुसऱ्या महायुद्धावरचा कॉम्प्युटर गेम खेळलेल्या कुणालाही विचारा. आम्ही त्याला नुसतं 'ईटी' म्हणायचो. तुम्ही खेळात इंजिनिअरची भूमिका घेतलीत, गोळ्यांतून वाट काढत तोफेपर्यंत पोचलात, डायनामाइट खाली ठेवलात, तरी काम झालेलं नसतं. बंदूक बाजूला करून पक्कड हातात घ्यायची आणि तो डायनामाइट चालू करायचा. तोवर तुम्ही निःशस्त्र. चालू झाला की खेळणाऱ्या सगळ्यांना कळतं, शत्रूलासुद्धा, आणि मग त्यांचा इंजिनिअर धावत येतो. त्याच्याही हातात पक्कडच असते. त्याला ते निकामी करायचं असतं आणि तुम्हाला ३० सेकंद राखायचे असतात.

हे आत्ता लिहायला बसलो कारण परवा भाचा विचारत होता, "मामा, तुम्ही त्यात एका मॅचला किती किल काढायचा?" किती शत्रू मारायचो तो आकडा मला सांगता आला नाही. चार वर्षं रोज खेळलो, पण तो आकडा मी कधी बघितलाच नाही. त्याला नीट सांगायला सुरुवात केली तोवर त्याच्या मित्राची हाक आली आणि तो गेला. राहिलेलं इथं लिहितो.

२००६ साली मी इंजिनिअरिंगला आलो. कॉलेज कृष्णाकाठचं, हॉस्टेल जुनं, खोलीत तिघं. माझं घर विट्याचं. आण्णांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. लहानपणापासून तांब्याची तार, वार्निशचा वास आणि जळालेल्या पाणबुडी मोटरी बघत आलो. व्हिडिओ गेम म्हणजे यात्रेत कधीतरी दोन रुपयांना खेळलेला, तेवढाच. हॉस्टेलला आल्यावर कळलं की रात्री जेवणं झाली की सगळा मजला काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम खेळतो. खिडक्यांतून निळ्या केबली लोंबायच्या, या खोलीतून त्या खोलीत. मलाही बसवलं. पण त्या खेळात एकदा मेलात की ती फेरी संपेपर्यंत बाकीच्यांचं बघत बसायचं, आणि मी पहिल्या दहा सेकंदांत मरायचो. ज्याचा हात चालत नाही त्याला खेळायलाच कमी मिळतं, म्हणून त्याचा हात कधी सुधारतही नाही. सुरुवातीचे काही महिने मी बहुतेक बघत बसलो होतो. बंटीसारखी पोरं, ज्यांच्या घरी शाळेपासून कॉम्प्युटर होता, ती भिंतीआडचा माणूस नुसत्या पावलांच्या आवाजावर टिपायची. मला ते कधीच जमणार नाही हे मी धरून चाललो होतो.

मग बापू दिवाळीच्या सुट्टीवरून पेन ड्राइव्हवर ईटी घेऊन आला. अडीचशे एमबीच्या आसपासचा गेम. "हा चोरीचा न्हाई बरं का, कंपनीनंच फुकट दिलाय," असं तो प्रत्येक खोलीत जाऊन सांगत होता. त्या काळी आमच्याकडं चोरीचं नसलेलं सॉफ्टवेअर एवढं एकच असावं. गोष्ट खरीच होती. लंडनच्या स्प्लॅश डॅमेज या छोट्या कंपनीनं 'रिटर्न टू कॅसल वुल्फेनस्टाइन' या गेमची विकायची पुरवणी म्हणून हे काम हाती घेतलं होतं. एकट्यानं खेळायचा भाग काही नीट उतरला नाही. तेव्हा तो सोडून दिला आणि सगळ्यांनी मिळून खेळायचा भाग मे २००३ मध्ये फुकट वाटून टाकला. क्वेक ३ या जुन्या गेमच्या इंजिनवर बांधलेला असल्यानं आमच्या दोनशे छप्पन्न एमबी रॅमच्या मशिनवरही तो चालायचा.

पहिल्या रात्री बापूनं टीम पाडल्या आणि मला म्हणाला, "तू इंजिनिअर हो. गोळी नाही मारलीस तरी चालेल. पंप दुरुस्त कर."

मला वाटलं माझी फिरकी घेतोय. पण खरोखरच पंप होता. नकाशाचं, म्हणजे खेळातल्या मैदानाचं, नाव सिवा ओअ‍ॅसिस, म्हणजे इजिप्तच्या वाळवंटातलं ते खरं सिवा. ब्रिटिश-अमेरिकन बाजूला जुन्या गावात घुसून पलीकडच्या दोन रणगाडाविरोधी तोफा उडवायच्या असतात, जर्मन बाजूला त्या वाचवायच्या असतात. गावाखालून भुयार जातं, त्यात पाणी भरलेलं. पाण्याचे दोन पंप बंद पडलेत. इंजिनिअरनं पक्कड घेऊन ते चालू केले की पाणी ओसरतं आणि आत जायला एक वाट वाढते. मी पंपापाशी गेलो, पक्कड काढली आणि माऊसचं बटण दाबून धरलं. एक पट्टी हळूहळू भरत गेली. पंप धडधडायला लागला आणि आमच्या सहाही जणांच्या स्क्रीनवर आलं की पंप चालू झाला. शेजारच्या खोलीतून बापू ओरडला, "शाब्बास रं विट्या!" त्या रात्रीपासून माझं नाव विट्या पडलं, आणि त्या रात्रीपासून मी बघत बसलो नाही.

दुष्काळी तालुक्यातल्या मोटर दुरुस्तीवाल्याचा पोरगा वाळवंटातला पंप चालू करतोय, हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं. हात ओळखीचं काम करत होते एवढंच.

ईटीत पाच प्रकारची माणसं असतात. सोल्जरकडं जड हत्यारं. फील्ड ऑप्स गोळ्यांचे पुडे वाटतो आणि लांबून तोफांचा मारा मागवतो. कव्हर्ट ऑप्स मेलेल्या शत्रूचा गणवेश चढवून त्यांच्यातच फिरतो. त्याच्यावर नेम धरला तर त्यांना आपल्या गड्याचंच नाव दिसतं. मेडिककडं औषध आणि सुई. इंजिनिअरकडं पक्कड, डायनामाइट आणि सुरुंग. ही यादी पाठ होऊन काही उपयोग नाही, कारण खरी गंमत या पाचांच्या एकमेकांत अडकण्यात आहे. सुरुंगाचंच घ्या. शत्रूनं पुरलेला सुरुंग मला, इंजिनिअरला, दिसत नाही. कव्हर्ट ऑप्स दुर्बिणीतून जमीन न्याहाळतो तेव्हा त्याला तो सापडतो, आणि मग तो आम्हा सगळ्यांना दिसायला लागतो. पण त्याला तो काढता येत नाही. काढायला मीच लागतो. दिसतं एकाला, काढता येतं दुसऱ्याला. त्यामुळं तिथं दोघांनी एकमेकांची वाट बघावीच लागते, आणि जी टीम वाट बघत नाही ती त्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा उडते.

आणि मेडिक. आमच्याकडं मेडिक म्हणजे पप्या. शांत पोरगा, वर्गातही कधी आवाज नाही. ईटीत गोळी लागून पडलात तरी तुम्ही लगेच मेलेले नसता. तुमच्यापुढं दोन मार्ग असतात. एक म्हणजे उडी मारायचं बटण दाबून सरळ मागं जायचं आणि पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा सुरुवात करायची. दुसरा म्हणजे तिथंच पडून राहायचं आणि मेडिकला हाक मारायची. पडून राहण्यात धोका असतो, कारण मेडिक आलाच नाही तर तुकडीही निघून जाते. नव्या मेडिकसाठी कुणी पडून राहत नाही. पप्यासाठी आम्ही राहायचो. धुरात, गोळ्या डोक्यावरून जात असताना, जमिनीच्या पातळीवरून तिरपं दिसणारं चित्र बघत पडून राहायचं, आणि मग कोपऱ्यावरून पप्याचे बूट दिसायचे. सुई टोचली की उठून उभं. मी कितीदा पडून राहिलो असेन त्याला गणती नाही. पप्या न येण्याची वेळ क्वचितच आली, आणि तेव्हा तो कुठंतरी दुसऱ्या कुणाकडं जाताना पडलेला असायचा.

या तुकड्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण खेळ बांधणाऱ्यांची हुशारी मला तिथं सगळ्यात जास्त दिसते. मेलेला माणूस लगेच एकटा परत येत नाही. प्रत्येक बाजूचं घड्याळ असतं आणि ठरावीक सेकंदांनी त्या बाजूचे सगळे मेलेले एकदम मैदानात येतात. त्यामुळं हल्ला आपोआप लाटेसारखा होतो. आत्ताच चौघं उभे राहिलेत, चला एकत्र. आणि बचाव करणाऱ्यांची तुकडी नुकतीच निघून गेली असेल तर पुढचे वीसेक सेकंद तुमचे. बापू वहीच्या मागच्या पानावर त्या वेळा मांडून बसायचा. इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शीट अर्धवट, पण ही वही पूर्ण.

आमच्या भागात तेव्हा लोडशेडिंग जबरदस्त होतं. वेळापत्रक मेसच्या दारावर खडूनं लिहिलेलं असायचं आणि ते बघून मॅच ठरायच्या. सर्व्हर आणि केबलींचा डबा १४ नंबरच्या खोलीत, पप्याच्या यूपीएसवर. दुसरा यूपीएस बंटीकडं. बाकी सगळे महावितरणच्या भरवशावर.

एकदा लाइट दहा मिनिटं आधीच गेली. फेब्रुवारी २००८, इंटर्नल परीक्षेच्या आदली रात्र. सिवाचाच नकाशा, आमचा हल्ला, बंटीची टीम बचावाला. एक तोफ उडालेली. दुसरीखाली मी नुकताच डायनामाइट चालू केला होता आणि दारामागं दबा धरून बसलो होतो. काळोख झाला. मी ११ नंबरच्या खोलीत. चप्पल न घालता तसाच पॅसेजमधून १४ कडं धावलो. बापू, सोन्या, समोरच्या टीममधले दोघं, सगळे एकाच दिशेनं धावत होते, कारण सगळ्यांना माहीत होतं की मॅच अजून चालू आहे.

लाइट गेलेल्यांची माणसं खेळात लगेच नाहीशी होत नाहीत. सर्व्हर काही वेळ वाट बघतो, तोवर ती जिथल्या तिथं पुतळ्यासारखी उभी राहतात. पप्याच्या स्क्रीनवर आम्हीच आम्हाला दिसलो. मी दारामागं, बापू जिन्यावर, हालचाल नाही. त्यांचा इंजिनिअर अर्ध्या वाटेत धावता धावता थांबलेला. चालणारे दोघंच. बंटी आणि पप्या. बंटी तोफेपाशीच होता, पण तो सोल्जर. सगळ्या हॉस्टेलमधला सगळ्यात चांगला नेमबाज डायनामाइटच्या पुढ्यात उभा, आणि हातात पक्कड नाही.

बंटीच्या जागी मी असतो तर ते मला सुचलं नसतं. त्यानं स्वतःला मारून घेतलं, इंजिनिअर निवडला आणि तुकडीची वाट बघायला लागला. त्यांची तुकडी तोफेपासून अगदी जवळ उतरते. यूपीएस पिंग पिंग करत होता आणि बापू त्या काळोखात मोठ्यानं आकडे मोजत होता. चौदा. तेरा. बंटी उतरला. तोफेच्या खोलीचं दार अरुंद. ईटीत एक माणूस दुसऱ्याच्या अंगातून जाऊ शकत नाही. पप्यानं बंदूक काढलीच नाही. तो दारात जाऊन उभा राहिला. बंटीनं गोळ्या झाडल्या, मेडिकचा जीव आपोआप भरत राहतो म्हणून पप्या थोडा जास्त टिकला, मग पडला. बंटी आत. पक्कड काढली. पट्टी भरायला लागली. मागून कुणीतरी माझा खांदा आवळून धरला होता, तो समोरच्या टीममधला होता हे नंतर कळलं. पट्टी थोडीशी राहिली असताना स्फोट झाला.

आख्खा पॅसेज ओरडत होता. बंटी स्वतःच्या खोलीतून पळत आला आणि त्यानं पप्याला मिठी मारली. चार सेकंद. पप्यानं दारात उभं राहून चार सेकंद विकत घेतले होते. स्कोअरबोर्डवर त्या कामासाठी एक गुणसुद्धा मिळत नाही.

त्याच वर्षी मी लायब्ररीत वुर्झबर्ग शोधत गेलो. ईटीत त्या नावाचा एक नकाशा आहे, जर्मन रडारचे दोन भाग काढून पळवायचे असतात. मला वाटायचं ही गोष्ट रचलेली असावी. निघाली खरी. फेब्रुवारी १९४२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्रुनेव्हाल इथं सुमारे १२० ब्रिटिश सैनिक छत्रीनं उतरले आणि वुर्झबर्ग रडारचे भाग काढून समुद्रमार्गे घेऊन गेले. त्या तुकडीचा प्रमुख मेजर जॉन फ्रॉस्ट, पण मी अडकलो तो सी. डब्ल्यू. एच. कॉक्स या नावापाशी. हवाई दलातला रडार मेकॅनिक, युद्धाआधी सिनेमाच्या प्रोजेक्टरवर काम करणारा. बाकीचे जर्मनांना थोपवून धरत होते आणि हा हत्यारं घेऊन रडारचे भाग सुटे करत होता. लायब्ररीच्या त्या लाकडी बाकावर बसून मी ते पान तीनदा वाचलं. एवढी माणसं एका पाना-स्क्रूड्रायव्हरवाल्याच्या भोवती उभी होती.

असे खेळ पुढं खूप आले. टीम फोर्ट्रेस २ आला २००७ मध्ये, ओव्हरवॉच २०१६ मध्ये, आणि व्हॅलोरंटमध्ये आजही स्पाइक नावाचा बॉम्ब लावून ४५ सेकंद राखायचे असतात. ज्याला आवडतं त्यानं ते खेळावेत, चांगलेच आहेत. मला मात्र ईटीचाच लळा, कारण त्यात पंप आहे, पूल आहे, बंद पडलेला रणगाडा आहे, आणि तो रणगाडासुद्धा जवळ आपलं माणूस असेल तरच पुढं सरकतो.

२०१० मध्ये ईटीचा सोर्स कोड खुला झाला आणि त्यावरून हौशी मंडळींनी 'ईटी : लेगसी' उभा केला, जो आजच्या मशिनवर झकास चालतो. लॉकडाऊनमध्ये बापूनं तो शोधून काढला. माझी चाकणची कंपनी बंद, मी विट्याला घरी. पप्या जर्मनीत, बंटी दुबईत, सोन्या नागपूरला. दर रविवारी रात्री साडेनऊला सगळे जमायचे. पहिल्या रविवारी कानाला हेडफोन लावला आणि तेरा वर्षांपूर्वीचा पप्या म्हणाला, "विट्या, पंपाकडं जा, मी आलोच मागनं." बायको म्हणते मी तेव्हा रडलो. असेल.

आण्णांचं दुकानही बंद होतं. त्यांना रिकामं बसायची सवय नाही. दोन-तीन रविवार ते खुर्ची ओढून माझ्या मागं बसले, काही बोलले नाहीत. एका रात्री मी पंपापाशी वाकलेलो, पट्टी भरत होती, पप्या दुसरीकडं कुणाला उठवायला गेला होता आणि मला पाठीत गोळी लागली. मी पडलो. आण्णा म्हणाले, "पंपावर काम चालू हाय आन् मागं माणूस न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "सगळे पुढं गेलेत, आण्णा."

"असं कसं? आपण विहिरीवर काम करतो तवा एक माणूस मेन स्विचपाशी उभा करतोच की न्हाई? हात घातलेला असताना कुणी येऊन फ्यूज टाकला तर?"

ते खरंच आहे. लहानपणी तो स्विचपाशी उभा राहणारा माणूस बहुतेकदा मीच असायचो. उन्हात तासन्‌तास, दुसरं काहीही काम नाही, फक्त तिथं उभं राहायचं आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. आण्णा खाली विहिरीत, आणि अधूनमधून त्यांची हाक यायची, "हायस ना रं?" मी वरून ओरडायचो, "हाय!"

मी हेडफोनचा आवाज स्पीकरवर टाकला आणि पप्याला सांगितलं की आण्णा काय म्हणतात. पप्या म्हणाला, "काका, चुकलं. येतो." तुकडी उतरली. मी पुन्हा पंपाकडं धावलो. या खेपेला पप्या आधीच तिथं पोचला होता, पंपाकडं पाठ आणि वाटेकडं तोंड करून उभा. मी पक्कड काढली. आण्णा खुर्चीत पुढं सरकले.

"हां," ते म्हणाले, "आता घाल हात."